कोपीवरची इरकल

मळ्यावरून भांडण होणार हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. ते येळवशीच्या, वेळा अमावस्येच्या सणाच्या दिवशी होऊ नये, एवढंच गंगम्मांचं मागणं होतं. भांडायला वर्षाचे बाकीचे दिवस काय कमी पडतात का, असं आदल्या संध्याकाळी भज्जीसाठी तुरीचे ओले दाणे सोलता सोलता त्यांनी दोन्ही सुनांना ऐकवलं होतं. थोरली महानंदा "हाव अव्वा" म्हणाली. धाकटी सुकन्या नुसती हसली, कारण तिचा नवरा शिवम नांदेडहून निघाल्यापासून गाडीत याच विषयावर बोलत आला होता.

विषय वरच्या तुकड्याचा. कवठाळीच्या शिवारात गंगम्मांचे यजमान महादेवप्पा यांचा मळा दोन भागांत होता. खालचं काळं रान, आणि मधला बांध ओलांडला की वरचा मुरमाड तुकडा, मुखेडच्या रस्त्याला लागून. वर फार काही पिकायचं नाही, पण थोरल्या संगमेश्वरला तिथे सोयाबीन साठवायला स्वतःचं गोदाम बांधायचं होतं. भाऊ शिकायला बाहेर पडला तेव्हापासून दोन्ही तुकडे तो एकटा कसत होता, आणि माल ठेवायला जागा नाही म्हणून दर हंगामात उदगीरच्या अडतीत जाऊन मिळेल त्या भावाला विकून येत होता. बँक म्हणे, तुकडा तुमच्या एकट्याच्या नावावर करून आणा. शिवम म्हणे, वाटण्या करायच्या तर नीट करू, रस्त्याकडची सगळी बाजू एकालाच कशी? दोघे भाऊ मनाने चांगले होते, त्यामुळे भांडण नुसतं लांबत चाललं होतं.

सकाळी सगळे मळ्यात आले. महानंदाच्या डोक्यावर चुना लावलेलं आंबिलाचं मडकं, बिंदगी, सुकन्याच्या हातात बाजरीच्या उंड्यांची टोपली, आणि मागून गंगम्मा, वाटेत भेटेल त्याला जेवायला या म्हणत. येळवशीला कुणी रस्त्याने उपाशी गेला तर तो अपमान त्या मनाला लावून घ्यायच्या. वरच्या तुकड्यात, जिथून सगळं शिवार दिसतं, तिथे संगमेश्वरने कडब्याची छोटी खोप, म्हणजे कोपी, आदल्या दिवशीच उभी करून ठेवली होती. तिच्यावर पांघरायला गंगम्मांनी यंदा हिरवं लुगडं आणलं होतं. आत पाच दगड पांडव म्हणून मांडले, त्यांना चुना लागला, महादेवप्पांनी भस्माची बोटं ओढून पूजा केली आणि पानं वाढायला सुरुवात झाली.

सुकन्याने दरवर्षीप्रमाणे एक पान वाढून कोपीच्या बाहेर, कडब्याला टेकवून ठेवलं. भज्जी, उंडा, खिरीची वाटी. लग्न होऊन आल्यापासून ती हे करत होती आणि सासूबाईंनी एकदाही कारण विचारलं नव्हतं. गंगम्मांना सगळ्या गोष्टी विचारायची सवय होती, त्यामुळे ही एक न विचारलेली गोष्ट सुकन्याला फार मोलाची वाटायची.

ती नांदेडला नियोजनाच्या एका सरकारी कार्यालयात नकाशांचं काम करायची. गावात या कामाबद्दल नाना समजुती होत्या. महानंदाला वाटे, जाऊबाई दिवसभर आभाळातून लोकांची अंगणं बघते. ते अगदीच खोटं नव्हतं. ड्रोनने काढलेली छायाचित्रं, जमिनीची उंची, उतार, रस्ते, शाळा, विहिरी, असे एकावर एक थर मांडायचे आणि कुठे काय बांधणं शहाणपणाचं, ते साहेबांपुढे ठेवायचं, असं ते काम. गेल्या ऑगस्टात ओढ्याला पूर आला, कवठाळीची ओढ्याकाठची वस्ती एका रात्रीत खचली, आणि त्या वस्तीला नवी जागा शोधायचा नकाशा फिरत फिरत नेमका सुकन्याच्याच टेबलावर आला होता.

"आपलं रान वरून कसं दिसतंय, दाव की," पाण्याचा तांब्या खाली ठेवत महानंदा म्हणाली.

सुकन्याने फोनवर नकाशा उघडला. दोघींची डोकी एकत्र आली. महानंदाने विहीर ओळखली, आंबा ओळखला, आजेसासऱ्यांची समाधी ओळखली आणि मग तिचं बोट एका जागी थांबलं. वरच्या तुकड्यात एक नारिंगी चौकोन होता.

"हे काय?"

नारिंगी म्हणजे घर, असं सुकन्याने सांगितलं आणि सांगता सांगताच तिच्या कपाळावर आठी पडली. मळ्यात घर नव्हतं. कधीच नव्हतं. कार्यालयात या नकाशावर तिने कित्येक दिवस घालवले होते, पण आपल्या माणसांची जमीन म्हणून आपल्या तुकड्याकडे तिने मुद्दाम निरखून पाहिलं नव्हतं. कुणी म्हणायला नको, की घरचं शेत बघत बसली.

महानंदाचा आवाज मात्र बदलला. तिने नवऱ्याला हाक मारली. संगमेश्वर आला, वाकून बघितलं, आणि त्याचा चेहरा उतरला. सरकारी नकाशात वरच्या तुकड्यात घर लागलेलं, आणि नकाशा धाकट्या भावजयीच्या हातचा. एवढ्यावरून माणसाच्या मनात जे येईल ते त्याच्या मनात आलं.

"कुणाच्या नावानं लागलंय हे घर?" त्याने शिवमला विचारलं.

शिवमला आधी प्रश्नच कळला नाही, आणि कळला तेव्हा तो उठून उभा राहिला. मी असलं काही करीन असं तुला वाटलंच कसं, असं तो म्हणाला. महानंदा म्हणाली, न्हाई म्हणायला काय जातंय, नकाशा तर समोर हाय. महादेवप्पा हातातला घास तसाच धरून दोन्ही मुलांकडे बघत राहिले. सुकन्या सांगत होती, की हे कागदपत्र नव्हे, इथे नाव कुणाचंच लागत नाही, यंत्राने छप्परं ओळखून चौकोन टाकलेत. पण ते कुणाच्या कानात शिरत नव्हतं. येळवस नासली, असं तिच्या मनात आलं.

"आण इकडं ते," गंगम्मा म्हणाल्या.

त्यांनी चष्मा लावला, फोन लांब धरला, जवळ धरला. हा रंग काढता येतो का, खालचं दिसेल का, असं विचारलं. सुकन्याने नारिंगी थर बाजूला केला आणि खालचं छायाचित्र मोठं केलं. मुरमाच्या करड्या रंगावर एक लालसर ठिपका होता, एका कडेला पिवळी रेघ असलेला.

गंगम्मांनी बराच वेळ बघितलं, आणि मग त्यांना हसू फुटलं.

"घर कशाचं आलंय. ही माझी डाळिंबी इरकल हाय. गेल्या येळवशीला कोपीवर घातली होती की. हा बघ काठ. संगमेश्वराच्या लग्नातली. उन्हानं विटली म्हनून मी महानंदाला किती बोलले होते, दोन दिवस काढली न्हाई म्हनून."

मग महादेवप्पा हसले. त्यांचं हसू मोठं, पोटातून येणारं, आणि ते एकदा सुरू झालं की बाकीच्यांचा राग टिकत नसे. सरकारच्या यंत्राला लुगडं आणि घर यांतला फरक कळत नाही, हे त्यांनी शेजारच्या शेतातल्या माणसांनाही ओरडून सांगितलं. संगमेश्वर ओशाळून शिवमच्या पाठीवर थाप मारून गेला. महानंदा पदराने तोंड झाकून हसत होती, आणि इरकल विटल्याचा आळ पुन्हा आपल्यावर आला याचंही तिला आज काही वाटलं नाही.

हसली नाही ती एकटी सुकन्या.

तिने छायाचित्राची तारीख काढली. ड्रोन उडाला होता तो गेल्या येळवशीच्या दुसऱ्या दिवशी. बाहेरगावची एजन्सी, बाहेरगावची पोरं. त्यांना काय माहीत, की या दिवसांत आमच्या शिवारात प्रत्येक शेतात कडब्याचं एकेक छप्पर उभं असतं आणि त्याच्यावर घरातलं चांगलं लुगडं पांघरलेलं असतं. तिने नकाशा सरकवला. शेजारच्या शेतात नारिंगी चौकोन. पलीकडच्या शेतात नारिंगी चौकोन. रस्त्याच्या वरच्या अंगाची, उंचावरची एकूण एक शेतं वस्तीची म्हणून लागली होती. चौकोन नव्हता तो फक्त गायरानात. गायरान कुणाच्या मालकीचं नाही, तिथे कोपी कोण घालणार?

आणि वस्तीला नवी जागा म्हणून ठरलं होतं ते गायरानच.

बैठकीत तिनेच तो नकाशा मांडला होता. नियम साधा होता: जिथे आधीच घरं आहेत ती जमीन वगळायची, मोकळी तेवढी बघायची. वगळता वगळता गायरान उरलं. नदीची पूररेषा गायरानाला शिवत नव्हती. ओढ्याची पूररेषा कुणी आखलेलीच नव्हती. तिने तेव्हा म्हटलं होतं, की जागा सखल वाटते. साहेब वैतागले नव्हते, शांतपणे म्हणाले होते, मॅडम, मग दुसरी मोकळी जागा दाखवा. तिच्याकडे दाखवायला दुसरी जागा नव्हती. सोमवारी त्या जागेवर अखेरची सही व्हायची होती.

तिने चौकोन मनातल्या मनात पुसले आणि थर पुन्हा मांडले. उंची, उतार, रस्ता, शाळा, पाण्याची वाट. उत्तर काढायला यंत्राची गरज नव्हती. ती त्या उत्तरावरच बसली होती. सगळ्या शिवारात उंच, पक्क्या मुरमाचा, रस्त्याला लागून आणि शाळेपासून हाकेच्या अंतरावर, असा एकच तुकडा होता.

शिवमला विहिरीपाशी नेऊन तिने सगळं सांगितलं. तो हुशार होता, अर्ध्यातच समजला. मग म्हणाला, चूक दुरुस्त कर, पण आज इथे बोलू नको. दादाचं तोंड बघितलंस ना मघाशी? सोमवारी नकाशा दे, सरकार काय ते विचारील. सुकन्या म्हणाली, सरकार संमतीशिवाय जमीन घेणार नाही, आणि पावसाळ्याआधी घरं उभी करायची तर खाजगी जमिनीच्या रुसव्याफुगव्यात कुणी पडणार नाही. घरचे नाही म्हणाले, तर गायरानच राहील. म्हणजे विचारायचं ते आपणच, आणि आधीच.

"आणि नाही विचारलं तर?" शिवम म्हणाला.

नाही विचारलं तर कुणाला काही कळणार नव्हतं. इरकलीचा विनोद चार दिवस चालला असता आणि विसरला गेला असता. घरात गोदाम झालं असतं, शांतता राहिली असती, आणि तिच्याकडे कुणी बोट दाखवलं नसतं. हे सगळं तिच्या मनात येऊन गेलं, आणि येऊन गेलं म्हणून ती स्वतःवर चिडली.

दुपारच्या पंगतीला वस्तीतली माणसं आली. ज्यांना रान नाही त्यांनी येळवशीला दुसऱ्याच्या मळ्यात जेवायला जायचं, ही इथली रीत. ओढ्याकाठची घरं पिढ्यान्‌पिढ्या महादेवप्पांच्या मळ्यात येत. यंदा ती शाळेच्या खोल्यांतून आणि पत्र्याच्या शेडमधून आली होती. पुढे निवृत्ती होता, धुतलेला सदरा घातलेला, मागे त्याची बायको आणि बाकीची बायकामाणसं.

निवृत्ती दिसला, की संगमेश्वर काहीतरी काम काढून बाजूला व्हायचा. त्यालाही कारण होतं. ऑगस्टातल्या त्या रात्री ओढ्याचं पाणी संगमेश्वरच्या गोठ्यात शिरलं तेव्हा निवृत्तीने आधी तिथे जाऊन सगळ्या जनावरांची दावी कापली होती. तो वळून आपल्या घराकडे गेला तोवर घराची मागची भिंत गेली होती. संगमेश्वरने दुसऱ्या दिवशी ज्वारीचं पोतं पाठवलं. पण तोंडाने तो काही बोलला नाही. त्याला असलं बोलणं जमत नसे, आणि जमत नाही म्हणून तो आणखीच तुटक वागे.

जेवणं झाली. निवृत्ती हात धुऊन सुकन्यापुढे आला. त्याने उपरण्यात गुंडाळलेला एक नारळ काढून तिच्या हातात दिला.

"ताई, गायरान आमाला लागलं म्हनून कळलं. तुमीच नकाशा काडलाव म्हनं. गावात बोललालेत सगळे, की महादेवप्पाच्या धाकट्या सुनेनं आमचं कल्याण केलं. भूमिपूजनाला ह्यो नारळ तुमच्याच हातानं फुटावा, असं वस्तीचं म्हननं हाय."

ती नारळ धरून उभी राहिली. पाणी, ती कशीबशी म्हणाली, गायरानात पाणी आलं होतं ना?

"आलतं की," निवृत्ती म्हणाला. "गुडघ्याइतकं. गळ्याइतकं तर न्हाई. ओढ्याकाठापेक्षा लई बरं हाय ताई. आमी काय जास्त मागायलो का."

त्याच्या चेहऱ्यावर खोटं काही नव्हतं. मनापासून आभार मानायला तो आला होता. आणि सुकन्याला ते आभार घेववेनात. शिवी दिली असती तर तिने ऐकून घेतली असती. तिने शिवमकडे बघितलं. तो मान हलवून नको म्हणत होता.

"निवृत्तीभाऊ, हा नारळ मला घेता येणार नाही," ती म्हणाली. "गायरान नको. माझा नकाशा चुकलाय."

मग तिने सांगितलं. कोपीचं, इरकलीचं, नारिंगी चौकोनांचं. सकाळी ज्या गोष्टीवर सगळे हसले होते तीच ती पुन्हा सांगत होती, पण आता कुणी हसत नव्हतं. चौकोन पुसले तर पहिली जागा कोणती येते, तेही तिने लपवलं नाही. आपण सगळे बसलोय ती, असं ती म्हणाली.

आधी महानंदाच्या हातातलं भांडं खाली आदळलं. मग संगमेश्वर बोलला.

"म्हंजे तुमच्या यंत्राला कोपी कळंना, आन् त्याचं भोगायचं आमी?"

"दादा," शिवम म्हणाला.

"तू गप. तू नांदेडात ऱ्हातो. ह्या मुरमात माझी हयात चालली. एक गोदाम मागायलो, ते बी तुमाला बघवंना." त्याने निवृत्तीकडे न बघता बोट केलं. "ह्यांचे उपकार हायत, न्हाई म्हनत न्हाई. पर उपकार येगळे आन् जमीन येगळी."

निवृत्ती हात जोडून मागे सरला. मालक, आमी कुठं मागितली, असं तो पुटपुटला आणि आपल्या माणसांना चला म्हणू लागला. गंगम्मांनी त्याच्या बायकोचा हात धरून ठेवला. येळवशीला आलेलं माणूस खीर न घेता जात नसतं, खाली बस, असं त्या अशा आवाजात म्हणाल्या, की सगळी वस्ती पुन्हा बसली.

महादेवप्पांनी धाकट्या सुनेला जवळ बोलावलं. तिला वाटलं, आता ऐकावं लागणार. पण त्यांनी कोपीबाहेरच्या पानाकडे हात केला.

"माय, एक इचारतो. हे पान तू कुनासाटी ठिवतीस?"

गंगम्मांनीही मान वर केली. इतकी वर्षं न विचारलेला प्रश्न अखेर विचारला गेला होता.

सुकन्याने सांगितलं. त्र्याण्णवच्या भूकंपात तिचं माहेरचं गाव लातूरकडे मातीत गेलं तेव्हा ती आईच्या कडेवर होती. पुढे नवं गाव वसलं, उंचावर, सरळ रस्त्यांचं, पक्क्या घरांचं. ती त्या घरात वाढली, शिकली, तिथूनच लग्न होऊन इथे आली. ते घर ज्या शेतात बांधलं होतं ते शेत कुणाचं तरी होतं. कुणीतरी तिथे कोपी घालत असेल, आंबील शिंपत असेल. आईला त्या माणसाचं नाव कधीच कळलं नाही. कागदावर नुसता गट क्रमांक होता. म्हणून आई येळवशीला पहिलं पान वाढून दाराबाहेर ठेवते. जमीनवाल्याचा वाटा, म्हणते. अजून ठेवते.

"मी नकाशे करायला लागले ते त्या घरामुळेच, अप्पा," ती म्हणाली. "कुणीतरी नकाशावर बोट ठेवून म्हणालं असेल, इथे बांधा, इथे धोका नाही. आणि कुणीतरी हो म्हणालं असेल. त्या दोघांनाही मी बघितलं नाही."

गंगम्मांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि त्या पानात आणखी एक उंडा वाढला.

पहिल्यांदा हलला तो शिवम. तो म्हणाला, वाटण्यांचं आपण काही बोलणार नाही. खालचं सगळं काळं रान दादाच्या नावावर लावा, मला नको. गोदाम तिथे होईल, रस्त्यापासून आत वाट काढून घेऊ, मी बँकेत सोबत येतो. तो हे बायकोकडे बघत म्हणाला, कारण विहिरीपाशी जे बोलला होता त्याची त्याला आता लाज वाटत होती. महानंदाने डोळे बारीक करून दिराकडे बघितलं, खरंच म्हणतोय की कसं, आणि तो खरंच म्हणतोय असं दिसल्यावर तिने पडलेलं भांडं उचलून पुसायला घेतलं.

संगमेश्वर कुणाकडेच बघत नव्हता.

उन्हं कलली. या घरात आंबिलाचा फेरा उन्हं कलल्यावर असे. घरच्या कर्त्याने आंबिलाची बिंदगी घेऊन रानाच्या कडेकडेने चालायचं आणि कडुनिंबाच्या डहाळीने शिंपत यायचं. जेवढं शिंपलं तेवढं आपलं. हा मान महादेवप्पांचा होता आणि तो त्यांनी आजवर कुणाला दिला नव्हता. त्यांनी बिंदगी उचलली, आणि संगमेश्वरच्या हातात दिली.

"जमीन माझ्या नावावर हाय, पर राबलास तू. म्या हो म्हनलो तर ते माझं दान होईल तुझ्या घामातलं. तसलं मला नगं. फेरा आज तू घाल. तू शिंपशील तेवढं आपलं."

"अप्पा, असं कोड्यात टाकू नका."

"कोडं न्हाई. तू न्हाई म्हनलास तरी मी तुला बोल लावनार न्हाई. जा."

तो गेला. खालच्या काळ्या रानाच्या कडेने, ओढ्याच्या बाजूने, जिथे त्याचा गोठा होता तिथून. सगळे वर उभे राहून बघत होते. निवृत्ती तर मान खाली घालूनच उभा होता. गोठ्यापाशी संगमेश्वर जरा जास्त वेळ थांबला. तिथे कापलेली दावी अजून खुंट्यांना तशीच लोंबत होती, ती त्याने काढली नव्हती. मग तो चढाला लागला आणि मधल्या बांधाशी आला.

इथून नेहमीचा फेरा सरळ वर यायचा, रस्त्याच्या कडेने, समाधीला वळसा घालून. संगमेश्वर बांधावर उभा राहिला. त्याने वर बघितलं, कोपीकडे, माणसांकडे. सुकन्याने आयुष्यात कितीतरी हद्दी आखल्या होत्या, खुर्चीत बसून, बोटाच्या एका हालचालीने. हद्द माणसाला किती जड असते हे तिने आज पहिल्यांदा बघितलं. "अहो," महानंदा अगदी हळू म्हणाली. ती त्याला वर ये म्हणत होती की नको म्हणत होती, ते शेजारी उभ्या असलेल्या सुकन्यालाही कळलं नाही.

तो वळला. बांधावरूनच चालू लागला. डहाळी भिजवून शिंपत, भिजवून शिंपत, मधल्या बांधाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. वरचा तुकडा फेऱ्याच्या बाहेर राहिला.

महानंदाने पदर डोळ्यांना लावला. गंगम्मा पांडवांपुढे वाकल्या. सुकन्याला वाटलं, आपण या माणसाच्या पाया पडावं, आणि ती खरोखरच पुढे झाली, पण तो वर येऊन रिकामी बिंदगी महानंदाच्या हातात देऊन मोकळा झाला आणि म्हणाला, "वैनी, नवा नकाशा जरा नीट बघून काढा आता. नंतर म्हनताल, ही जागाबी इरकलच होती." पुन्हा सगळे हसले. या वेळी सुकन्याही हसली, आणि हसता हसता रडली. सोमवारी ती नवा नकाशा मांडणार होती, आणि हे माझ्या सासरचं रान आहे, संमती घेऊन आले आहे, असं सुरुवातीलाच सांगणार होती. तिने भाऊजींचे आभार मानले. त्याने हात झटकला.

निवृत्तीने बायकोला पुढे केलं. ती धीट होती. ती म्हणाली, मालक, ताईच्या आईवानी आमीबी दर येळवशीला तुमचं पान वाढून दाराभाईर ठिवू. पोरंबाळं ठिवतील.

"न्हाई," संगमेश्वर म्हणाला.

त्याने निवृत्तीकडे बघितलं. पुरानंतर पहिल्यांदाच सरळ बघितलं.

"दाराभाईर ठिवू नका. ताईच्या आईला नाव ठाव नव्हतं, म्हनून ती भाईर ठिवती. तुमाला आमचं नाव ठाव हाय." तो क्षणभर अडखळला. "आन् मला तुझं ठाव हाय, निवृत्ती. त्या राती माझी जनावरं तू सोडलीस. पान घरात वाढायचं. आमी येऊन बसू, तुमच्या संगं जेवू."